इम्प्लांट बसवण्याआधी सिगारेट विझव

बाळा, खालची कवळी जिभेबरोबर हलते म्हणून तू दोन इम्प्लांट बसवून घेतोयस, हे फार चांगलं. कवळी त्यांच्यावर टिचबटणासारखी बसेल, भाकरी चावताना उचलणार नाही. पण तू सिगारेट ओढतोस, म्हणून चार गोष्टी आत्ताच कानावर घालतो.

पहिली. इम्प्लांटचा स्क्रू सिमेंटने चिकटवत नाहीत, त्याला हाडच धरतं. स्वीडनचे संशोधक ब्रॉनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम काढता येईना, इतकं हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. खालच्या जबड्यात हाडाची ही पकड बसायला साधारण तीन महिने लागतात. वरचं हाड भुसभुशीत, तिथे आणखी वेळ जातो. या काळात हाडाला भरपूर रक्त हवं. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. म्हणूनच ओढणाऱ्यांचे इम्प्लांट न ओढणाऱ्यांच्या साधारण दुपटीने निकामी होतात.

दुसरी. सिगारेट ऑपरेशनच्या आधी सोड. आधी निदान एक आठवडा आणि नंतर आठ आठवडे तरी पूर्ण बंद, हा दंतवैद्यांचा जुना ठोकताळा. कायमची सुटली तर सोन्याहून पिवळं, कारण पुढेही धुराने इम्प्लांटभोवतीचं हाड झिजतच राहतं. सिगारेट सोडून मिश्री लावायची किंवा तंबाखू मळायची, असली पळवाट नको. निकोटीन तिथेही आहेच. तलफ चहाबरोबर येते, तेव्हा काही महिने अमृततुल्यवर न जाता चहा घरीच घे.

तिसरी. रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आतलं दुखणं झाकलं जातं आणि हाड न दुखता खचत जातं. ते एक्स-रेतच कळतं. डॉक्टर सांगतील त्या तारखेला एक्स-रे काढायचाच. रोज रात्री कवळी काढून ठेव आणि हिरडीतून वर आलेल्या धातूच्या टोकांभोवती मऊ ब्रश फिरव. पू दिसला, टोक हललं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

चौथी. डॉक्टरांपासून काही लपवू नकोस. दिवसाला किती ओढतोस, साखर किती, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या घेतोस का, सगळं सांग. खर्चाची चिंता असेल तर पुण्यात धनकवडीचं भारती विद्यापीठाचं किंवा आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला डेंटल कॉलेज, दोन्हीकडे चौकशी कर.

एकट्याने सिगारेट सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन कर, पैसे पडत नाहीत. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी हा फोन कर.