आलं पाण्यात, हळद तुपात

पोरी, काल फोनवर म्हणालीस, काढा केला पण घशाखाली उतरेना. काय घातलंस विचारलं तर आलं, हळद, मिरी, दालचिनी, लवंग, ओवा, तुळस, गवती चहा! अगं, रोज प्यायचं तर ते उद्याही प्यावंसं वाटलं पाहिजे. माझ्या सासूबाईंनी मला जे शिकवलं तेच तुला सांगते.

एका माणसाला दीड कप पाणी, अर्ध्या पेराएवढं आलं, पाव चमचा हळद, दोन मिरी. बस्स.

आलं घेताना कोवळं, पातळ सालीचं नको, जून घे. साताऱ्याकडचं आलं मातीसकट बाजारात येतं आणि ती माती बेचक्यांत घट्ट बसलेली असते. पाव तास पाण्यात टाक, आपोआप सुटते. साल चमच्याच्या कडेने खरवड. सुरीने सोललंस तर सालीबरोबर निम्मं आलं जातं. मग खलबत्त्यात चार घाव घालून ठेच आणि झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळ. आलं संपलं असेल तर सुंठ चालते, पण ती जास्त तिखट, चिमूटभरच घाल.

आता हळद. इथेच सगळे चुकतात. पाण्यात सरळ टाकली की ती तळाशी बसते आणि कच्चट वास तसाच राहतो. हळदीतलं कुरक्युमिन पाण्यात विरघळत नाही, तुपातेलात विरघळतं. सासूबाईंना हे नाव कधी कळलं नाही, पण हात बरोबर चालायचा. पळीत अर्धा चमचा तूप पातळ झालं की त्या पळी आचेवरून बाजूला घ्यायच्या आणि मगच हळद सोडायच्या. कडेने बारीक फेस यायचा, पिवळा रंग केशरीकडे झुकायचा, कच्चा वास जाऊन फोडणीसारखा खमंग वास यायचा. तेवढ्यात पळी उकळत्या पाण्यात. आच चालू ठेवलीस तर हळद क्षणात करपते आणि काढा कडू होतो. मिरी भरडून शेवटी घाल. तिच्यातल्या पिपरीनमुळे हळद अंगी लागते.

दूध हवं असेल तर नीट ऐक. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत घरी पाहुणे होते. मी दूध तापायला ठेवलं आणि त्यातच कच्चं आलं ठेचून टाकलं. शेरभर दूध डोळ्यांदेखत फाटलं, मला रडूच फुटलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आल्याला आधी पाण्यात उकळी दे, मग दूध." कच्च्या आल्यात दूध फाडणारं एक पाचक द्रव्य असतं, उकळल्यावर त्याचा जोर जातो. गूळही गॅस बंद केल्यावरच घाल, त्यानेही दूध फाटतं.

जमलं तर हळकुंडं आणून कांडपावर दळून घे. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती मिळाली तर उत्तमच. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडताना कट्कन वाजतं आणि आतून गर्द नारिंगी दिसतं. वरून फार चकचकीत पिवळं दिसणारं घेऊ नकोस. रंग उठावा म्हणून शिशाचं विषारी रसायन चोळल्याचे प्रकार पकडले गेलेत.

तुझ्या सासऱ्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे ना? मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना हे रोज देऊ नकोस. पित्ताशयात खडे असणाऱ्यालाही नाही. बाळ अजून वर्षाचं नाही, त्याला मधाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. तुला पित्ताचा त्रास आहे, तू उपाशीपोटी पिऊ नकोस, चार घास खाऊन पी. आणि ताप किंवा खोकला रेंगाळला तर काढ्यावर काढे करत बसू नकोस, दवाखान्यात जा.

गाळायच्या फडक्याला साबण लावलास की पिवळा डाग लालभडक होईल, घाबरू नकोस. हळदीला चुना लावला की कुंकू होतं, तसंच हे. स्वच्छ पाण्यात खळबळून कडक उन्हात टाक, दोन-तीन दिवसांत डाग उडतो.