एका यंत्रावर घडण, दुसऱ्या यंत्रावर वापर

वडोदऱ्याच्या नागरवाडा भागातील एखाद्या शाळेत एआरएम जातीचा प्रोसेसर असलेला तळहाताएवढा स्वस्त संगणक आणला आणि मेजावरील इंटेल जातीच्या संगणकातील कार्यप्रणाली जशीच्या तशी त्यावर उतरवली, तर पडदा काळाच राहतो. अशा वेळी यंत्र सदोष असल्याचा निष्कर्ष काढून ते कपाटात ठेवून देण्याकडे कल असतो. वस्तुतः यंत्र धडधाकट असते. त्याला दिलेली भाषा परकी असते.

प्रत्येक प्रोसेसरला त्याच्या रचनाकाराने ठरवलेल्या आज्ञाच समजतात. माणसाने लिहिलेल्या मूळ आज्ञावलीचे या यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. एका जातीच्या यंत्रावर चालून दुसऱ्या जातीच्या यंत्राची भाषा लिहिणारा तो क्रॉस-कंपायलर. त्याची गरज एका पेचातून उद्भवते. नव्या यंत्रावर कंपायलर चालवण्यास कार्यप्रणाली हवी, आणि ती तयार करण्यास कंपायलर हवा. पहिली घडण म्हणूनच दुसऱ्या, आधीपासून चालत असलेल्या यंत्रावर करावी लागते.

पूर्वी कार्यप्रणाली बहुधा एकाच यंत्राच्या भाषेत लिहिली जाई व त्या यंत्राबरोबरच निकामी होई. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७३ मध्ये युनिक्स ही कार्यप्रणाली 'सी' या भाषेत नव्याने लिहिली गेली आणि ही स्थिती पालटली. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातील वोलाँगाँग येथे रिचर्ड मिलर यांनी ती इंटरडेटा कंपनीच्या यंत्रावर नेली. बेल प्रयोगशाळेतही त्याच सुमारास असे काम झाले. तेव्हा अक्षरांच्या क्रमाची एक अडचण प्रसिद्धीस आली. जुन्या व नव्या यंत्रांची बाइट मांडण्याची रीत उलट असल्याने 'युनिक्स' या नावाची रोमन अक्षरे जोडीजोडीने उलटून 'नक्सी' अशी उमटतात.

मराठी वाचकास हा भेद समजावून सांगणे सोपे आहे. आपण 'पंचवीस' म्हणताना आधी पाच उच्चारतो व मग वीस. इंग्रजीत आधी वीस येतात. इंटेलची यंत्रे संख्येचा लहान भाग आधी ठेवतात, म्हणजे मराठीच्या रीतीने चालतात. सन कंपनीची स्पार्क यंत्रे मोठा भाग आधी ठेवीत.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा अनुभव या संदर्भात पाहण्याजोगा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक विजय भटकर यांचे पदव्युत्तर अभियांत्रिकी शिक्षण वडोदऱ्याच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. १९९१ च्या परम ८००० या महासंगणकात ट्रान्स्प्युटर नावाचे प्रोसेसर होते. ट्रान्स्प्युटरला आज्ञावली जोडतारेवरून पुरवता येते: पहिली बाइट पुढील आज्ञावलीची लांबी सांगते, मग तेवढा मजकूर स्मृतीत उतरतो व काम सुरू होते. अर्थात ती आज्ञावली आधी यजमान संगणकावर घडवलेली असावी लागते. पुढच्या परम यंत्रांत इंटेल आय-८६०, स्पार्क आणि आयबीएमचा पॉवर-४ असे निरनिराळे प्रोसेसर आले. प्रोसेसर बदलला की सर्व आज्ञावली नव्याने संकलित करणे आले.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा. प्रथम लक्ष्ययंत्रासाठी जोडणीची साधने तयार करावी लागतात. त्यानंतर तोच पेच लहान स्वरूपात पुन्हा उभा राहतो: पूर्ण कंपायलरला 'सी' भाषेचे ग्रंथालय हवे आणि ग्रंथालय घडवण्यास कंपायलर हवा. त्यावर तोडगा म्हणून आधी तोकडा कंपायलर करतात, त्याने ग्रंथालय घडवतात आणि मग त्या ग्रंथालयाच्या आधारे पूर्ण कंपायलर. त्यानंतर कार्यप्रणालीचा गाभा, चालू होताच त्याला स्मृतीत आणणारी लहान आज्ञावली, आणि शेवटी उपयोगाची इतर साधने.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक या टप्प्यावर होते. घडणयंत्रावरील ग्रंथालय नकळत जोडले जाते, किंवा एखादी आज्ञावली घडणयंत्राचीच चाचणी घेऊन तेच लक्ष्ययंत्र असल्याचे धरून चालते. म्हणून लक्ष्ययंत्राच्या सर्व फाइली स्वतंत्र निर्देशिकेत ठेवाव्यात. हा कंटाळवाणा नियम पाळणारेच पुढे वेळ वाचवतात. तसेच एआरएमच्या लहान यंत्रांत कोणते उपकरण कोठे जोडलेले आहे हे गाभ्याला बहुधा आपणहून कळत नाही. त्यासाठी उपकरणांचा तक्ता वेगळा द्यावा लागतो. तक्ता चुकला तर निर्दोष गाभाही मुका राहतो.

मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'शक्ती' प्रोसेसरवर २०१८ मध्ये लिनक्स चालवण्यात आले. देशी प्रोसेसर तयार झाला तरी त्यावर चालणारी कार्यप्रणाली घडवणारे हात हवेत, आणि ते हात साध्या शाळेतील संगणकावरही तयार होऊ शकतात. २००३ पासून उपलब्ध असलेल्या क्यूएमू या आज्ञावलीत परक्या यंत्राची नक्कल करता येते, त्यामुळे लक्ष्ययंत्र हाती येण्यापूर्वीच बरीच चाचणी उरकते. खऱ्या यंत्रावर मात्र सिरियल तार जोडूनच आरंभ करावा. पडद्याचा चालक सुरू होण्याआधीचे गाभ्याचे संदेश त्या तारेवरूनच वाचता येतात.