जाळ्यातील भिंती

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १९०४ साली स्थापन झालेल्या सिटी युनियन बँकेचे मुख्यालय आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सायबर गुन्हेगारांनी या बँकेच्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून सुमारे २० लाख डॉलरचे तीन बनावट व्यवहार परदेशी पाठवले. त्यांपैकी एक वेळीच रोखला गेला. पैशांचे संदेश हाताळणारे संगणक कार्यालयातील इतर संगणकांपासून अलग ठेवावेत, असा स्विफ्टचा नियम आहे.

हे अलगीकरण कसे साधतात? साध्या स्विचला जोडलेले सर्व संगणक एकाच जाळ्यात असतात. मॅनेज्ड स्विचवर मात्र त्या जाळ्याचे आभासी भाग पाडता येतात. त्यांना ‘व्हीलॅन’ म्हणतात. समजा, लेखा विभागाला १० व ग्राहक कक्षाला २० हा क्रमांक द्यायचा आहे. प्रथम हे क्रमांक स्विचवर नोंदवावेत. मग संगणकाचा प्रत्येक पोर्ट आपापल्या क्रमांकाशी जोडावा.

दोन स्विचना जोडणाऱ्या एकाच तारेतून दोन्ही विभागांची माहिती जाते. म्हणून तेथील पोर्टवर प्रत्येक संदेशाला ४ बाइटची खूण, म्हणजेच ‘टॅग’, लावतात. तिच्यातील १२ बिटांत व्हीलॅनचा क्रमांक असतो. त्यामुळे १ ते ४०९४ क्रमांक वापरता येतात. पलीकडचा स्विच खूण वाचतो, ती काढतो आणि संदेश योग्य संगणकाकडे देतो. यासाठी तारेच्या दोन्ही टोकांची मांडणी जुळली पाहिजे.

लक्षात ठेवा : विभागांना जोडणारा राउटर सर्वांनाच आरपार जाऊ देत असेल, तर ही भिंत व्यर्थ ठरते. कोणी कोठे जावे, याचे नियम तेथे घालावेच लागतात.