न सांगता ओळखलेला प्रकार

३ किलो गूळ आणि २ मीटर कापड यांची बेरीज किती? असा प्रश्न कोणी विचारला तर तुम्ही हसाल. ३ आणि २ मिळून ५ होतात हे खरे, पण ५ काय? किलोही नाहीत आणि मीटरही नाहीत. आकडा कशाचा आहे हे ठाऊक असल्याखेरीज आकडेमोडीला अर्थ नसतो. आपल्याला हे सहज कळते. संगणकाला मात्र कळत नाही. मग ते त्याला आज्ञावली लिहिणाऱ्याने सांगायचे, की त्याने स्वतःच ओळखून घ्यायचे? आज्ञावलीकारांमध्ये या प्रश्नावर कित्येक वर्षे वाद चालू आहे. तो समजून घेऊ.

प्रकार म्हणजे काय?

संगणकाच्या स्मृतीत सर्व काही ० आणि १ यांच्या रूपात असते. ०१०००००१ ही रांग घ्या. ती द्विमान पद्धतीची संख्या मानली तर तिची किंमत ६४ + १ म्हणजे ६५ होते. पण अक्षरांसाठी ठरवलेल्या आस्की संकेतानुसार हीच रांग म्हणजे रोमन लिपीतील मोठे ‘ए’ हे अक्षर. नुसत्या रांगेकडे पाहून ती संख्या आहे की अक्षर, हे सांगता येत नाही. म्हणून माहितीला ‘प्रकार’ असावा लागतो : पूर्णांक, दशांश संख्या, मजकूर, किंवा ‘खरे-खोटे’, म्हणजे ज्याची किंमत फक्त ‘खरे’ अथवा ‘खोटे’ असते असा प्रकार.

प्रकार ठरवण्याच्या दोन रीती फार रूढ आहेत. सी (१९७२) आणि जावा (१९९५) या भाषांत मूळ नियम असा, की आज्ञावलीकाराने प्रत्येक नावापुढे प्रकार लिहावा; जसे, ‘पूर्णांक वय = १४’. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर ती चालण्यापूर्वीच प्रकारांचा मेळ तपासतो. पायथॉन (१९९१) आणि जावास्क्रिप्ट (१९९५) या भाषांत असे काही लिहावे लागत नाही; प्रकार पाहिला जातो तो आज्ञावली चालू असताना. लिहायला हे सुटसुटीत, पण धोकाही आहे. जावास्क्रिप्टमध्ये ‘५’ हा मजकूर आणि ३ ही संख्या यांची बेरीज केली, तर ८ नव्हे, ‘५३’ हा मजकूर मिळतो! पायथॉन अशी बेरीज नाकारते, पण ती ओळ प्रत्यक्ष चालण्याची वेळ आल्यावर. वर्षातून एकदाच चालणाऱ्या ओळीतली चूक वर्षभर दडून राहू शकते.

तिसरी रीत : तर्काने ओळखणे

प्रकार लिहायचा नाही, तरीही तो आज्ञावली चालण्यापूर्वी तपासला जावा, असे करता येईल का? १९५७ साली आय.बी.एम. कंपनीने आणलेल्या फोर्ट्रान भाषेत एक साधी युक्ती होती. नावाचे पहिले अक्षर आय ते एन यांपैकी असेल तर ती पूर्णांक संख्या, नाहीतर दशांश संख्या! पण हा नुसता संकेत झाला, तर्क नव्हे. खरा तर्क कसा चालतो ते पाहू. पुढील फलन घ्या :

फ(क्ष, य) = जर क्ष, तर य + १, नाहीतर ०

सोयीसाठी असे धरू की + हे चिन्ह फक्त पूर्णांकांसाठी आहे. आता संगणक असा विचार करतो :

१. क्ष हा ‘जर’नंतर आला आहे, म्हणून तो खरे-खोटे या प्रकारचा असला पाहिजे.
२. य मध्ये १ मिळवला आहे, म्हणून य पूर्णांक.
३. ‘तर’ आणि ‘नाहीतर’ या दोन्ही वाटांनी एकाच प्रकारचे उत्तर यायला हवे. य + १ पूर्णांक आहे, ० सुद्धा पूर्णांक आहे. मेळ बसला.
४. म्हणून फ चे उत्तर पूर्णांक.

एकही प्रकार आपण सांगितला नाही, तरी सर्व ओळखले गेले. आता कोणी फ(५, ७) असे लिहिले, तर क्ष हा एकीकडे खरे-खोटे आणि दुसरीकडे पूर्णांक ठरतो. हा विरोध आज्ञावली चालण्यापूर्वीच उघड होतो. बीजगणितात तुम्ही एकसामयिक समीकरणे सोडवता, तसेच हे आहे. फक्त अज्ञात राशींच्या जागी अज्ञात प्रकार आहेत.

आणखी एक गंमत पाहा. अदलाबदल(क्ष, य) = (य, क्ष) या फलनात क्ष आणि य यांच्यावर कोणतेच बंधन नाही. तेव्हा संगणक म्हणतो, “क्ष कोणत्याही प्रकारचा असो, य कोणत्याही प्रकारचा असो, उत्तरात त्यांची जागा बदलेल.” विनाकारण बंधन न घालता शक्य तितका व्यापक प्रकार शोधणे, हेच या रीतीचे वैशिष्ट्य.

असा सर्वांत व्यापक प्रकार मिळतो, हे तर्कशास्त्रज्ञ रॉजर हिंडले यांनी १९६९ साली एका गणिती पद्धतीच्या संदर्भात दाखवले. एडिंबरो विद्यापीठातील रॉबिन मिल्नर यांनी स्वतंत्रपणे हाच मार्ग शोधून १९७८ साली प्रसिद्ध केला आणि आपल्या एम.एल. या भाषेत तो वापरला. आज ही रीत हिंडले-मिल्नर या नावाने ओळखली जाते. मिल्नर यांना १९९१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. ज्या कामांसाठी ते मिळाले त्यांत एम.एल. ही भाषाही होती.

वाद कशाचा?

या रीतीच्या बाजूचे लोक म्हणतात, “जे संगणकाला कळते ते आम्ही पुन्हा का लिहावे? लांबलचक प्रकारांनी पान भरते आणि मूळ विचार झाकला जातो.”

विरोधकांचे म्हणणेही विचार करण्यासारखे आहे. आज्ञावली एकदा लिहिली जाते, पण अनेकदा वाचली जाते. ‘एकूण = हिशेब(यादी)’ एवढेच लिहिले असेल, तर एकूण म्हणजे पूर्ण रुपये, दशांश संख्या की मजकूर, हे कंपायलरला कळेल; माणसाला कसे कळावे? शिवाय चूक एका ठिकाणी असते आणि विरोध भलत्याच ठिकाणी उघड होतो, त्यामुळे शोधाशोध करावी लागते.

अनुभवातून एक मधला मार्ग निघाला आहे. रस्ट भाषेत फलनाच्या दाराशी, म्हणजे आत काय येते आणि बाहेर काय जाते तेथे, प्रकार लिहावाच लागतो. आतील बहुतेक प्रकार कंपायलर ओळखतो. हॅस्केलमध्ये दारावरचे प्रकार लिहिण्याची सक्ती सहसा नसते, तरीही वाचणाऱ्यासाठी ते लिहिण्याची प्रथा आहे.

चांगली कल्पना आणि लोकप्रिय भाषा

मग प्रश्न येतो : ही रीत इतकी उपयोगी, तर एम.एल. घरोघरी का पोचली नाही? कारण भाषेची लोकप्रियता एका गुणावर ठरत नाही. सी भाषा युनिक्स या कार्यप्रणालीबरोबर पसरली. जावास्क्रिप्ट पसरली ती इंटरनेटवरील पाने दाखवणाऱ्या ब्राउझरमध्ये आयती होती म्हणून. शिकवणारे किती, तयार आज्ञावलींचा साठा किती, जुन्या कामाशी मेळ बसतो का, या गोष्टींचे वजन मोठे असते.

सी++ भाषेचे निर्माते ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी सुरुवातीच्या मूल्यावरून नावाचा प्रकार ओळखण्याची सोय १९८४ सालीच करून पाहिली होती. पण सी भाषेशी मेळ बसेना, म्हणून ती काढावी लागली. ती अधिकृतपणे आली २०११ साली! सी-शार्पने अशी सोय २००७ मध्ये घेतली, जावाने २०१८ मध्ये, तीही फलनाच्या आतील नावांपुरती. उलट बाजूनेही हालचाल झाली. जावास्क्रिप्टला प्रकारांची जोड देणारी टाइपस्क्रिप्ट २०१२ मध्ये आली, आणि २०१५ पासून पायथॉनमध्ये प्रकार लिहिण्याची ठरावीक पद्धत रूढ झाली. म्हणजे एम.एल. स्वतः फार पसरली नाही, पण तिच्यातील विचार पसरला.

लोकप्रियतेच्या याद्या वाचतानाही सावध राहावे. कोणी शोधयंत्रांवरील उल्लेख मोजतो, कोणी आज्ञावलीकारांना प्रश्न विचारतो, कोणी नोकरीच्या जाहिराती पाहतो. मोजमाप बदलले की क्रम बदलतो.

तर्काची मर्यादा

नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झाले. पृथ्वीवरील एक आज्ञावली रेट्याचे आकडे पौंड-सेकंदांत देत होती; ते वापरणारी दुसरी आज्ञावली ते न्यूटन-सेकंद समजत होती. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. संगणकाच्या दृष्टीने दोन्ही नुसत्या संख्याच! असे असताना कितीही हुशार तर्क ही चूक पकडू शकणार नाही, कारण आकडा कशाचा आहे ही माहितीच त्याला दिलेली नसते. एफ-शार्प या एम.एल.च्या वंशातील भाषेत एककेही प्रकारात लिहिता येतात. मग गूळ आणि कापड यांची बेरीज संगणकच नाकारतो. दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढण्याचे काम यंत्र करील, पण कोणती माहिती द्यायची हे माणसानेच ठरवायचे असते.

स्वाध्याय

१. ग(क्ष, य, झ) = जर क्ष, तर य, नाहीतर झ. यातील प्रकार ओळखा. य आणि झ यांच्यावर कोणते बंधन आहे?
२. ह(क्ष) = जर क्ष, तर क्ष + १, नाहीतर ०. हे फलन संगणक का नाकारील?
३. तुमच्या शाळेत सर्वांत लोकप्रिय खेळ कोणता, हे दोन रीतींनी ठरवा : एकदा मैदानावरचे खेळाडू मोजून, एकदा वर्गात हात वर करायला सांगून. उत्तरे जुळली नाहीत, तर का जुळली नाहीत याची चर्चा करा.

उत्तरे : (१) क्ष खरे-खोटे, य आणि झ कोणत्याही प्रकारचे, पण दोघांचा प्रकार एकच. (२) क्ष एकाच वेळी खरे-खोटे आणि पूर्णांक ठरतो.