जे पुन्हा बनत नाही, ते मोडू नका

पोरांनो, माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम निघाला की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाका. दुसरा म्हणतो, असल्या वस्तूला आता हजारो रुपये मिळतात, सोडू नका. त्यात अ‍ॅडॉप्टर सापडत नाही, एक रिमोट गायब असतो, कॅसेटचं झाकण तुटलेलं असतं. मग कंटाळून कोणीतरी डबा उघडतं, चार स्क्रू हरवतं, आणि विकण्याजोगी वस्तू खरोखरच भंगार होते.

आपल्या पुरुषोत्तमनगरात मोठे झालेल्यांना निकाल कसा लावायचा हे वेगळं शिकवायला नको. पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आपल्या उशाशी आहे. गाळप हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग सुरू होतं. बेअरिंग, पंप, व्हॉल्व्ह उघडले जातात आणि प्रत्येक भागाचा निकाल तीनपैकी एक लागतो: तसाच बसवायचा, दुरुस्त करायचा, की भंगारात टाकायचा. निकाल लागल्याशिवाय कोणताही भाग हलवायचा नाही, हे वर्कशॉपमधल्या वडीलधाऱ्या फिटरांनी आम्हाला शिकवलं. अर्ध्यामुर्ध्या गेमच्या डब्यालाही तोच नियम लावा. त्यांचेच कानमंत्र तुमच्या कामाचे करून सांगतो.

आधी ओळख पटवा, मग किंमत बोला

डबा उलटा करा आणि खालचं लेबल वाचा. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला. त्याच्या साठ पिनांच्या कॅसेटची नक्कल करणारे संच पुढे आशियाभर पसरले. आपल्याकडे सामुराई, मीडिया, लिटल मास्टर, विझ किड, टर्मिनेटर अशा नावांनी जे गेम घरोघरी आले, ते याच कुळातले. अमेरिकेत १९८५मध्ये आलेल्या संचाची कॅसेट बहात्तर पिनांची असते, ती यात बसत नाही. बसेना म्हणून दाबू नका, खाच तुटते.

सेगाची गोष्ट निराळी. १९९५मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत सेगाचा मेगा ड्राइव्ह भारतात अधिकृतपणे आला, तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती. इतका महाग संच मोजक्याच घरांत गेला. म्हणून त्या वेळचं भारतीय खोकं, वॉरंटी कार्ड किंवा बिल सापडलं तर तो कागद कचरा समजू नका. संग्राहकाला डब्याइतकीच किंमत त्या कागदाची वाटते.

नक्कल म्हणजे टाकाऊ, असंही नाही. जुन्या नकला उघडल्या की आत वेगवेगळ्या चिप दिसतात. नंतरच्या स्वस्त संचांत सगळं काम काळ्या इपॉक्सीच्या एका गोल ठिपक्याखाली असतं. चिपवाला बोर्ड दुरुस्त होऊ शकतो, ठिपक्याखालचं बिघडलं तर ते बदलता येत नाही. हा एक फरक पाहिला की निम्मा निकाल लागतो.

उणिवांची यादी दोन रकान्यांत करा

नुसतं "अपुरा आहे" म्हणून भागत नाही. कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात बाजारात आजही मिळणाऱ्या वस्तू लिहा: अ‍ॅडॉप्टर, पिवळी-लाल-पांढरी एव्ही वायर, व्होल्टेज रेग्युलेटर, कपॅसिटर, स्क्रू, रिमोटच्या बटणाखालचं रबर. दुसऱ्या रकान्यात न मिळणाऱ्या वस्तू: मूळ कव्हर, कॅसेटच्या खाचेवरचं झाकण, कंपनीचं लेबल, खोकं, माहितीपुस्तक, त्याच संचाचा मूळ रिमोट.

उणीव फक्त पहिल्या रकान्यात असेल तर तुमचा संच अपुरा नाही, थोडा खर्च मागतो एवढंच. उणीव दुसऱ्या रकान्यात असेल तर तो पूर्ण होण्यासाठी तसाच दुसरा संच शोधावा लागेल. आपल्या गावात तो शोधत बसण्यापेक्षा ज्याच्याकडे दुसरा संच आहे त्याला आपला देणं शहाणपणाचं.

हाताला लागेल तो अ‍ॅडॉप्टर लावू नका

जुने संच सर्वांत जास्त इथे मरतात. अ‍ॅडॉप्टरची पिन बसली म्हणजे अ‍ॅडॉप्टर जुळला असं होत नाही. मूळ फॅमिकॉमच्या पिनेत आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो, आणि बऱ्याच नकलांनी तेच उचललं. आजचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर उलट असतात, आत धन. सेगा मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला आत ऋण लागतं, दुसऱ्याला आत धन. निन्टेन्डोच्या अमेरिकी संचाला तर ९ व्होल्टचा एसी अ‍ॅडॉप्टर येतो. म्हणून डब्यावरचं चिन्ह वाचा, मल्टिमीटर लावा, मगच स्विच दाबा.

ट्रान्सफॉर्मरवाला जुना अ‍ॅडॉप्टर भाराशिवाय मोजला तर ९ऐवजी १२-१३ व्होल्ट दाखवतो. त्याने घाबरू नका. संचाच्या आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, तो ५ व्होल्ट देतो. दिवा लागत नसेल तर त्याच्या आउटपुटच्या पायावर ५ व्होल्ट येतात का ते पाहा. येत नसतील तर बहुतेक वेळा दोष स्वस्तातला असतो: जॅक, स्विच, नाहीतर हाच रेग्युलेटर.

ज्या संचात वीज थेट भिंतीतून आत जाते, उदाहरणार्थ जुना जाड प्लेस्टेशन २ किंवा पहिला एक्सबॉक्स, तो लहान मुलांनी उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर काही वेळ भरलेला राहतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचं मागचं झाकण तर जाणत्यानेच काढावं.

कॅसेटला फुंकर मारू नका

आपण सगळ्यांनीच लहानपणी फुंकर मारली. खेळ सुरू व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. तोंडातल्या ओलाव्याने मात्र पिना गंजतात. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कानकाडीच्या कापसाला लावून पिना पुसा, पूर्ण सुकू द्या. सॅण्डपेपर तर मुळीच लावू नका, पिनांवरचा मुलामा जातो.

चित्र येत नाही म्हणून संच बाद ठरवू नका. फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीवर अ‍ॅनालॉग चॅनेल शोधावं लागतं, एव्ही मोडवर काहीच दिसणार नाही. जपानचा संच एनटीएससी पद्धतीचा आणि आपले जुने टीव्ही पाल पद्धतीचे, त्यामुळे जुन्या टीव्हीवर चित्र रंगहीन येऊ शकतं किंवा फिरत राहतं. आणि त्या काळची बंदूक एलईडी टीव्हीवर नेम धरत नाही, ती पिक्चर ट्यूबसाठीच बनलेली आहे. बंदूक "खराब" म्हणून फेकण्याआधी हे आठवा.

आपल्या हवेचा हिशेब धरा

नंदुरबार जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा तापून निघतो, पावसाळ्यात तोच ओल धरतो. उष्णतेने कपॅसिटर सुकतात, फुगतात किंवा गळतात. ओलीने स्क्रू आणि पिना गंजतात. गाळपाच्या दिवसांत उडणारी बारीक काजळी डब्याच्या फटींतून आत बसते. झुरळं आणि पालींची अंडी तर ठरलेलीच. म्हणून माळ्यावरून काढलेला संच त्याच दिवशी वीज लावून पाहू नका. उघडा, मऊ ब्रशने झाडा, सावलीत सुकवा, गळती शोधा.

पहिल्या एक्सबॉक्समध्ये घड्याळासाठी एक कपॅसिटर असतो, बहुतेक बोर्डांत तो गळून शेजारच्या तांब्याच्या रेषा खातो. विकायचा असो की ठेवायचा, अशा बोर्डातला तो आधी जाणत्याकडून काढून घ्या. काही कॅसेटमध्ये खेळ जपून ठेवण्यासाठी गोल बॅटरी असते. ती काढली की जुना खेळ पुसला जातो. घरातल्या कोणाच्या लहानपणीचा खेळ त्यात असेल तर आधी विचारा.

मग निकाल लावा

संच दुर्मीळ आणि बोर्ड जिवंत, उणीव पहिल्या रकान्यातली: दुरुस्त करा, मग ठेवायचा की विकायचा ते ठरवा. चालू स्थितीतल्या वस्तूचा भाव बंद वस्तूपेक्षा नेहमीच बरा येतो.

संच दुर्मीळ, पण उणीव दुसऱ्या रकान्यातली किंवा बोर्ड मेलेला: आहे तसाच, एकत्र, अपुरा म्हणून विका. सुटा करू नका. बोर्ड मेलेल्या संचाचंही कव्हर कोणाचा तरी संच पूर्ण करतं.

संच मुबलक आणि बोर्ड मेलेला: सुटा करा. काळ्या ठिपक्याचा स्वस्त गेम किंवा प्लेस्टेशन २ या वर्गात येतो. प्लेस्टेशन २ जगभरात १५ कोटींहून जास्त विकला गेला, त्यामुळे बंद पडलेला संच दुर्मीळ नाही, मात्र त्याचे रिमोट, मेमरी कार्ड, पंखा यांना मागणी आहे. आधी लेन्स तपासा. डिस्क वाचत नाही एवढ्यावरून संच मेला असं नसतं, लेन्स बदलता येते.

दुरुस्तीचा खर्च मिळणाऱ्या भावाच्या निम्म्यावर जायला लागला, तर विकण्यासाठी दुरुस्त करू नका. स्वतः खेळायचा असेल तर ही अट सोडा.

विकताना उणीव आधी सांगा

"चेक केलेलं नाही" असं लिहून हात झटकू नका. अ‍ॅडॉप्टर नाही, उजवा रिमोट नाही, दिवा लागतो पण चित्र नाही, असं स्पष्ट लिहा. लेबल, पिना, तुटलेला कोपरा यांचे फोटो उजेडात काढा. खरं सांगितलं की भाव थोडा कमी येतो, पण वस्तू परत येत नाही.

लोक मागतात त्या किमती पाहू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती पाहा. शहादा-नंदुरबारला योग्य गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. नंदुरबार आणि दोंडाईचा सुरत-भुसावळ मार्गावर आहेत, सुरत गाठणं सोपं आहे. मुंबईला कोणी जाणार असेल तर सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड आणि जुन्या वस्तूंसाठी चोरबाजार आहे. पिवळं पडलेलं प्लास्टिक विकण्याआधी ब्लीच करू नका, घेणारा ते काम आपल्या पद्धतीने करतो.

आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. समोरचा पिन टाकायला सांगत असेल तर तो गिऱ्हाईक नाही, ठग आहे.

सुटा करताना नावनिशी ठेवा

उघडण्याआधी फोटो, प्रत्येक थरानंतर पुन्हा फोटो. स्क्रू जागेनुसार वेगळ्या पुड्यांत. वायर कापू नका, सोल्डर वितळवून काढा. कव्हर, कॅसेटचा स्लॉट, रिमोटचं सॉकेट, स्विच, हीट सिंक हे सगळं कामाला येतं. एक इशारा: नऊ पिनांचा रिमोट दिसला म्हणजे तो सगळीकडे चालतो असं नाही. सेगाचा आणि नकली फॅमिकॉमचा प्लग सारखाच दिसतो, आतली जोडणी वेगळी असते. पुडीवर संचाचं नाव लिहा.

शेवटी जे उरेल ते जाळू नका. तांब्यासाठी वायर जाळली की निघणारा धूर विषारी असतो आणि तो आपल्याच पोरांच्या छातीत जातो. देशात १ एप्रिल २०२३पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. उरलेला बोर्ड नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांपर्यंत जाईल अशा संकलनालाच द्या.

घरातल्या सगळ्यांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका. तो गेम एकट्याचा कधीच नव्हता, भावंडांनी वाटून खेळलेला असतो. पैसे आले तर वाटून घ्या, कोणाला ठेवायचा असेल तर त्याला द्या. एवढं पक्कं धरा: अ‍ॅडॉप्टर नवा येतो, कपॅसिटर नवा येतो, पण त्या वर्षाचं कव्हर आणि त्या वर्षाचं लेबल आता कोणी बनवणार नाही. जे पुन्हा मिळतं ते खुशाल सुटं करा. जे मिळत नाही ते अपुरं असलं तरी अखंड ठेवा, आणि विकायचं झालं तर खरं सांगून, जाणत्याच्या हातात द्या.