उताऱ्यावर माझंही नाव आहे

बाळू, आईसमोर मी बोलले नाही. तिला ‘हेंप’ कळलं नसतं आणि ‘गांजा’ लगेच कळला असता. आता ती झोपलीय, तर ऐक.

तू म्हणालास, “अक्का, गांजा नव्हे गं, हेंप. सरकारमान्य असतंय.” बी कंपनी देणार, माल कंपनी उचलणार, आपण फक्त जांबोटीची ओढ्याकडची पट्टी द्यायची आणि नोंदणीचे पैसे भरायचे. शेवटचं वाक्य तू जरा भरभर बोललास, पण मी ऐकलं.

त्या झाडावर माझा राग नाही. इंग्रजांच्या वेळी नगर जिल्ह्यात गांजा सरकारी परवान्यावर उघड पिकायचा. त्या सगळ्याची चौकशी करायला १८९३-९४ मध्ये सरकारनं आयोगसुद्धा बसवला होता. आणि २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या कलेक्टरांकडे रीतसर अर्ज दिला, की कुठल्याच पिकाला भाव नाही, तर गांजा लावायला परवानगी द्या. लोक हसले. मला काही हसू आलं नाही. रताळ्याच्या पोत्याला बेळगावच्या मार्केटात काय पडतं, ते मी दरसाल बघते की.

पण कायदा आता १९८५ चा आहे, एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा. नुसतं पान आणि बी म्हणजे गांजा नव्हे, फुलोरा म्हणजे गांजा, हे तू कुठंतरी वाचलंस ते बरोबर आहे. मात्र ती सूट पानाला, झाड लावायला नव्हे. विनापरवाना लावलंस की कलम २०: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. चार झाडं की चारशे, असा भेद लागवडीच्या कलमात नाही. आणि त्याच कायद्यातलं कलम ४६ तुला कंपनीच्या माणसानं सांगितलं नसणार. आपल्या जमिनीत अशी बेकायदा लागवड आहे हे माहीत असून जो जमीनधारक कळवत नाही, तोही शिक्षेला पात्र. ओढ्याकडच्या पट्टीच्या उताऱ्यावर आईचं नाव आहे, माझंही आहे. म्हणजे तू लावायचं, आणि तोंड मिटून बसले म्हणून आत मी जायचं? आईला खानापूरच्या कोर्टात कोण नेणार आहे, ते तरी ठरव.

आता ‘सरकारमान्य’ बघू. खोटं नाही ते, अर्धं आहे. कलम १४ प्रमाणे धाग्यासाठी नि बियांसाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडनं २०१८ मध्ये असे परवाने द्यायला सुरुवात केली, पण झाडातलं नशेचं द्रव्य ०.३ टक्क्याच्या आत हवं. हिमाचलनं २०२५ मध्ये विद्यापीठांकडून अभ्यास करवून घ्यायचं ठरवलं. आपल्या घाटापलीकडं गोव्यात २०२० च्या शेवटी औषधी लागवडीचा प्रस्ताव निघाला, गदारोळ झाला, आणि तो तिथंच राहिला. कर्नाटकात तुझ्यासारख्या शेतकऱ्यानं अर्ज करावा अशी योजनाच नाही. मग तुझी नोंदणी कुणाच्या दप्तरी होणार? कंपनीच्या. कंपनीच्या वहीत नाव चढलं म्हणजे परवाना मिळाला असं नसतंय, राजा. बंगळुरात या झाडाच्या तेलाच्या बाटल्या उघड विकतात म्हणतोस, त्या आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर, पानापासून केलेल्या. त्याचा तुझ्या पट्टीशी संबंध नाही.

बरं, समजा उद्या परवाना मिळालाच. आषाढात त्या पट्टीत तुझा पाय पोटरीपर्यंत रुततो. कणकुंबीकडून पाऊस उतरायला लागला की आठ-आठ दिवस बांध दिसत नाही. हेंपच्या मुळाला साचलेलं पाणी सोसत नाही. भाताला सोसतं, म्हणून आजोबांनी तिथं भात लावला. त्यांना काही दुसरं सुचत नव्हतं असं नाही. आणि ते ०.३ टक्के? ते तुझ्या हातात नाहीत, बियाण्याच्या नि हवेच्या हातात आहेत. जास्त भरलं तर ते हेंप राहत नाही, गांजा होतो. तेव्हा कंपनीचा माणूस फोन उचलेल?

मला खरी भीती त्या फोनचीच आहे. निपाणीची तंबाखू आठव. पीक कायदेशीर, माती उत्तम, कष्ट सोन्यासारखे, पण भाव व्यापाऱ्याच्या हातात. म्हणून १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या हाकेला माणसं हायवेवर येऊन बसली, आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन बारा शेतकरी गेले. तिथं निदान व्यापारी अनेक होते. तुझ्या मालाला गिऱ्हाईक एकच, तेही करारपत्रावर.

तुला आठवत नसेल, तू तेव्हा शाळेत होतास. आम्ही सफेद मुसळी लावली होती. विकणाऱ्यांनी कंदांचे पैसे आधी मोजून घेतले, माल उचलण्याची हमी शंभराच्या स्टँपवर लिहून दिली. मुळ्या काढल्या, एकेक धुऊन चाकूनं सोलल्या. बोटांची सालं निघाली माझ्या. गोणपाटावर वाळत घातल्या, दोऱ्यासारख्या पांढऱ्या झाल्या. रोज संध्याकाळी मी रस्त्याकडं बघायची. गाडी आलीच नाही. पावसाळ्यात त्या बुरशीनं काळ्या पडल्या, तेव्हा तुझ्या दाजींनी काही न बोलता त्या खड्ड्यात ओतल्या. कंदांसाठी मोडलेल्या पाटल्या पुन्हा झाल्या नाहीत, हे आईला अजून माहीत नाही. तू सांगू नको.

तो स्टँप पेपर माझ्या ट्रंकेत आहे. रविवारी ये. तुझं करारपत्र घेऊन ये, सही न करता, आणि पैसे भरले असशील तर पावतीही आण. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचू. ‘कंपनी माल उचलेल’ याच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय, ते मला चष्म्याशिवाय दिसत नाही, तू वाच.