वाया जाऊ नये म्हणून



तिश्री महिन्यातले सण आटोपले. रोश हशाना, किपूर, सुक्कोथ, सिम्हाथ तोरा या तीन-साडेतीन आठवड्यांत घरोघरी पाहुणे आले, भरपूर स्वयंपाक झाला, डब्यांची देवाणघेवाण झाली. आता हेश्वान लागला. ७ हेश्वानपासून आपण इथे तेफिलात पाऊस मागू लागतो. पाऊस सुरू होण्यापूर्वी फ्रीज रिकामा करायचा, कपाटे आवरायची, अशी पुष्कळ घरांत पद्धत आहे. या आवराआवरीत दोन गोष्टी हमखास हाती लागतात. एक उरलेले अन्न आणि दुसरी उरलेली औषधे.

आपल्या पिढीने भारतात रेशनच्या रांगा पाहिल्या, इथे आल्यावरची ओढाताणीची वर्षेही पाहिली. त्यामुळे काहीही टाकायला आपला हात धजत नाही. आजकाल मुले-नातवंडे पर्यावरण वाचवा असे सांगतात. ते आपण नाव न घेता आयुष्यभर करीत आलो. ही सवय सोडू नका. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. नासाडी थांबवायची असते ती विकत घेताना, शिजवताना आणि औषध आणताना. उरलेले पोटात ढकलले म्हणजे नासाडी थांबली असे होत नाही. नर्स म्हणून काम करताना "वाया जाऊ नये म्हणून खाल्ले" हे वाक्य मी रुग्णांच्या तोंडून फार वेळा ऐकले आहे.

उरलेले अन्न

किपूरच्या दुसऱ्या दिवसाला आपली कोकणातली जुनी मंडळी शिळा सण म्हणत. नावात शिळा असला तरी तो दिवस दानधर्म करण्याचा आणि एकमेकांकडे जाण्याचा होता. उरलेल्या अन्नाचेही तसेच करावे. ते ताजे असतानाच वाटावे, चार दिवस सांभाळून मग खाऊ नये.

आपल्या स्वयंपाकात भात आणि नारळाचे दूध या दोन गोष्टी मुख्य. दोन्ही लवकर बिघडतात. कच्च्या तांदळात एका प्रकारच्या जंतूंची बीजे असतात आणि ती शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. नंतर भात कितीही गरम केला तरी ते विष जात नाही. वास घेऊनही ते कळत नाही. म्हणून भात एका तासाच्या आत पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी संपवावा आणि एकदाच गरम करावा. बाकीची कालवणे दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावीत आणि तीन दिवसांत संपवावीत. फ्रीजचे तापमान ५ अंशांच्या वर नसावे.

शब्बाथच्या प्लाटाबद्दलही सांगते. काही घरांत शब्बाथ घड्याळाने प्लाटा रात्री बंद होतो आणि सकाळी पुन्हा सुरू होतो. मधल्या काळात भांडे तिथेच कोमट राहते. जंतूंना असेच कोमट अन्न हवे असते. अन्न एकतर रात्रभर चांगले कढत राहिले पाहिजे, नाहीतर शुक्रवारी रात्रीच फ्रीजमध्ये गेले पाहिजे. फ्रीजमधले काय शब्बाथला प्लाटावर ठेवता येते, ते आपल्या रब्बींना विचारून घ्या.

तरुण माणूस दोन दिवस जुलाब झाले तर थकतो आणि बरा होतो. आपले तसे नसते. वयाबरोबर तहान कमी लागते. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतात. अशा वेळी अंगातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडांवर ताण येतो, चक्कर येते, माणूस पडतो. वाटीभर भात वाचवण्यासाठी एवढी किंमत मोजू नये.

त्यापेक्षा उरणारच नाही असे करावे. एकट्या माणसाला एका जेवणासाठी अर्धी वाटी तांदूळ पुरतात. नारळ फोडला की लागेल तेवढा घ्यावा आणि बाकीचा खवून छोट्या डब्यांत फ्रीजरमध्ये टाकावा. डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहावी. शेजारी आपलीच एखादी एकटी राहणारी बाई असेल तर एक दिवस तुम्ही रांधा, एक दिवस त्यांनी रांधावे. अन्न वाचते, गॅस वाचतो आणि जेवायला सोबत मिळते.

सुक्कोथचा एथ्रोग संपूर्ण वर्षाचा खर्च वाटावा इतका महाग, म्हणून काहीजणी त्याचा मुरंबा करतात. एथ्रोग डागरहित दिसावा म्हणून बागेत त्यावर औषधांची भरपूर फवारणी केलेली असते, आणि मुरंब्यात तर सालच जाते. फवारणी केलेली नाही असे खात्रीने सांगून दिलेला एथ्रोग असेल तरच मुरंबा करावा. नाहीतर त्यात लवंगा टोचून ठेवाव्यात. हावदालाला सुगंधासाठी तो पुष्कळ दिवस उपयोगी पडतो.

उरलेली औषधे

आता औषधांचे कपाट उघडा. सगळे टेबलावर काढा. मुदत संपलेल्या गोळ्या, अर्धवट राहिलेली अँटिबायोटिकची पट्टी, उघडून महिना झालेले डोळ्यांचे थेंब बाजूला ठेवा. डोळ्यांचे बहुतेक थेंब उघडल्यानंतर चार आठवडेच वापरायचे असतात.

एकच औषध दोन नावांनी घरात आहे का, हेही पाहा. दवाखान्यातून घरी सोडताना एका कंपनीची गोळी लिहून देतात, कुपत होलिमच्या औषधालयात दुसऱ्या कंपनीची मिळते. माणूस दोन्ही घेत राहतो. साधे उदाहरण म्हणजे आकामोल आणि डेक्सामोल. नावे दोन, आतले औषध एकच, पॅरासिटामॉल. दोन्ही मिळून जास्त झाल्यास यकृताला अपाय होतो. खोक्यावर मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत खरे नाव असते. वाचता येत नसेल तर सर्व खोकी पिशवीत घालून औषधालयात न्या आणि दाखवा.

उरलेले अँटिबायोटिक पुढच्या खोकल्याला घेऊ नका. शेजारणीला देऊ नका. भारतात जाणाऱ्याच्या सामानात, तिकडे कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून, घालू नका. तिकडच्या माणसाचा आजार आणि त्याची इतर औषधे आपल्याला ठाऊक नसतात.

आणि काटकसर म्हणून रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी एक दिवसाआड कधीही घेऊ नका. वाचवायचेच असेल तर आधीचा साठा संपत आल्याशिवाय नवीन औषध आणू नका. नवे औषध सुरू होत असेल तर पहिल्यांदा लहान खोके मिळेल का, ते विचारा.

बेसिनमध्ये ओतू नका

बाजूला काढलेली औषधे कुठे टाकायची? बेसिनमध्ये किंवा संडासात मुळीच नाही. आपल्या देशात सांडपाण्यापैकी दहातले जवळजवळ नऊ भाग शुद्ध करून पुन्हा शेतीला देतात. तेल अवीव परिसराचे सांडपाणी रिशोन लेझियोनजवळच्या शफदान केंद्रात शुद्ध होते, तिथल्या वाळूतून झिरपते आणि मग नेगेवमधल्या शेतांना जाते. दुष्काळी देशाला हा मोठा आधार आहे. पण सगळीच औषधे या शुद्धीकरणात निघून जात नाहीत. हिब्रू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना अशा पाण्यावर वाढलेली भाजी खायला दिली, तेव्हा त्यांच्या लघवीत फिट्सवरचे कार्बामाझेपिन हे औषध सापडले. ते अगदी अत्यल्प होते, म्हणून भाजी खायचे सोडू नका. बरेचसे औषध रुग्णाच्या लघवीवाटेच पाण्यात जाते, त्याला आपला इलाज नाही. जे आपण स्वतःच्या हाताने ओततो, ते मात्र थांबवू शकतो.

कुपत होलिमच्या औषधालयांत जुनी औषधे टाकण्यासाठी पेटी असते. गोळ्या, सिरप, मलमे तिथे न्या. नाव आणि ओळख क्रमांक असलेली चिठ्ठी आधी फाडून टाका. इन्सुलिनच्या सुया मात्र या पेटीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, सफाई कामगाराच्या हाताला टोचतात. झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवा आणि तो कुठे द्यायचा ते क्लिनिकमधल्या नर्सला विचारा.

सिनेगॉगमध्ये

मलिदा असो की जेवण, आपल्याकडे फेकून देण्याच्या ताटल्या पोत्यांनी जातात. पन्नास स्टीलच्या ताटल्या एकदाच घेऊन ठेवल्या तर वर्षानुवर्षे चालतात. धुण्याचे काम तरुणांनी वाटून घ्यावे. जेवणाआधी माणसांची मोजणी करावी. उरलेले दोन तासांच्या आत डब्यांत भरून वाटावे आणि ज्यांना बाहेर पडता येत नाही, त्यांच्याकडे आधी पाठवावे. डबा द्यायला जाणाऱ्यानेच त्यांची जुनी औषधे पिशवीत घालून औषधालयात पोहोचवली तर एका फेरीत दोन कामे होतील.

कुठे वाचवू नये

पाणी वाचवा, पण पिण्याचे नाही. रात्री उठावे लागते म्हणून संध्याकाळपासून पाणी बंद करणाऱ्या बायका मला माहीत आहेत. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती प्यावे ते डॉक्टरांना विचारा.

वीज वाचवा, पण रात्री संडासाच्या वाटेवरचा दिवा नाही. ऑक्टोबरअखेर घड्याळ मागे जाते आणि अंधार लवकर पडतो. एक वॅटचा छोटा एलईडी दिवा रोज दहा तास लावला तर शंभर रात्रींत एक युनिट वीज जाते. त्याला एक शेकेलसुद्धा लागत नाही. खुब्याचे हाड मोडले तर काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

या आठवड्यात एवढे करा

१. फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख लिहा.
२. औषधांचे कपाट रिकामे करा आणि खरी नावे तपासा.
३. जुनी औषधे औषधालयाच्या पेटीत टाका.
४. संडासाच्या वाटेवर छोटा दिवा लावा.
५. एकट्या राहणाऱ्या एका ओळखीच्या व्यक्तीला फोन करा आणि तिची औषधे कोण नेणार ते विचारा.

यंदा पाऊस चांगला पडो आणि आपणा सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.